मराठी पौराणिक कादंबरी

रामायण, महाभारत, पुराणे आणि लोकपरंपरेतील आख्यायिका यांतील पात्रे व घटना घेऊन त्यांची आधुनिक दृष्टीने पुनर्रचना करणाऱ्या कादंबरीस सामान्यतः पौराणिक कादंबरी असे म्हणतात. ऐतिहासिक कादंबरीहून ती दोन बाबतींत वेगळी असते. ऐतिहासिक कादंबरीकाराला कागदपत्रांतील पुराव्याचे बंधन असते. पौराणिक कादंबरीकारापुढे असा पुरावा नसून शतकानुशतके सांगितली गेलेली एक कथा असते. शिवाय ती कथा वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे पुढे काय घडले ह्यापेक्षा जे घडले त्याचा अर्थ काय, ह्या प्रश्नावर तिचा भर राहतो आणि हा अर्थ कोणाच्या मुखाने सांगावयाचा, ही निवड निर्णायक ठरते. मराठीतील ह्या प्रकारच्या सर्वाधिक प्रभावी कृती १९५९ ते १९७३ ह्या दीड दशकात निर्माण झाल्या. मूळ महाकाव्यांविषयीचे सुशिक्षित वाचकांचे मतही त्यांनी बऱ्याच अंशी घडविले. ह्या प्रकाराचे महत्त्व आणि त्याविषयीचा वाद या दोहोंचे मूळ ह्या प्रभावात आहे.

पूर्वपीठिका : मराठी समाजात महाभारत व रामायण ही प्रामुख्याने ऐकण्याची काव्ये होती. मुक्तेश्वर, श्रीधर (१६५८–१७२९) व मोरोपंत (१७२९–९४) यांनी ती मराठीत आणली. श्रीधरांचे ‘पांडवप्रताप’ व ‘रामविजय’ हे ग्रंथ घरोघरी व देवळांतून वाचले जात. पुराणिक व कीर्तनकार यांच्या निरूपणात कथेचा अर्थ समुदायासमोर आणि समुदायासाठी लावला जाई. पात्राच्या अंतरंगापेक्षा त्याच्या आचरणाला तेथे अधिक महत्त्व होते.

एकोणिसाव्या शतकात ह्या निरूपणाच्या अधिकारालाच आव्हान मिळाले. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) ह्या ग्रंथात अवतारकथांचा अर्थ पराभूतांच्या बाजूने लावला आणि बळीराजाला न्यायी राजाच्या रूपात उभे केले. रंगभूमीने पुराणकथेचा वेगळा उपयोग केला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) ती कौटुंबिक रंजनाचा विषय झाली, तर कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) ह्या नाटकात तिच्यातून समकालीन राजकारण सूचित झाले आणि त्या नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. कादंबरी मात्र ह्या काळात मुख्यतः ऐतिहासिक व सामाजिक विषयांतच रमली. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्यातील छप्पन्न गीतांपैकी बहुतेक गीते कथेतील पात्रांच्याच मुखी घातलेली आहेत. पुराणकथेतील व्यक्ती स्वतःविषयी स्वतःच बोलू लागल्याची सवय मराठी श्रोत्याला त्यामुळे लागली, असे म्हणता येईल.

दुसरी महत्त्वाची घटना विद्येच्या क्षेत्रातील होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. सी. सुखठणकर (१८८७–१९४३) यांनी तिची संपादनपद्धती निश्चित केली आणि संहितेचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितांची तुलना करून उत्तरकालीन भर तळटिपांत व परिशिष्टांत वेगळी काढल्यामुळे मूळ कथा कोणती आणि परंपरेने तीत काय घातले, हे पाहण्याचे साधन अभ्यासकांना मिळाले. ही संहिता पूर्ण होत असतानाच पौराणिक कादंबरीचा उत्कर्ष व्हावा, हा योगायोग लक्षणीय आहे. कारण एकीकडे महाभारत अधिक काटेकोर होत होते, तर दुसरीकडे ते अधिक भावपूर्ण होत होते.

‘ययाति’ : वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची ‘ययाति’ (१९५९) ही ह्या प्रकारातील पहिली महत्त्वाची कादंबरी होय. तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक (१९६०) लाभले आणि खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कथा सांगतात. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आलेला राजा पुत्राचे तारुण्य मागून घेतो, एवढा मूळ आख्यानाचा गाभा खांडेकरांनी ठेवला आहे. परंतु आख्यानातील सहस्र वर्षांचा उपभोग त्यांनी स्वीकारलेला नाही. उलट देवयानीच्या शापानंतर मूळ कथेत दृष्टिआड होणारा कच येथे अखेरपर्यंत वावरतो व संयमाचा आदर्श म्हणून ययातीसमोर उभा राहतो. यंत्रयुगातील मनुष्याची न शमणारी सुखलालसा दाखविण्यासाठी ही कथा योजिली आहे, हे उघड आहे.

कचाच्या संभाषणांतून लेखकाचे तत्त्वचिंतन पुष्कळदा उघडपणे बोलते आणि त्यामुळे कादंबरीला रूपककथेचा ताठरपणा येतो, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. तथापि तिच्या रचनेत एक नैतिक शिस्त आहे. ययातीचे निवेदन हे गुन्ह्याची कबुली आहे, समर्थन नव्हे. त्याने सांगितलेल्या प्रसंगांना देवयानी व शर्मिष्ठा यांच्या निवेदनांची जोड मिळते आणि तिन्ही साक्षी एकमेकींशी पूर्णतः जुळत नाहीत. देवयानीचा अहंकार व तिचे दुःख यांपैकी कोणते आधीचे, ह्याचा निर्णय वाचकावर सोपविला जातो.

कर्णावरील कादंबऱ्या : आधुनिक भारतीय लेखकांना कर्णाचे विशेष आकर्षण वाटले. रवींद्रनाथ टागोरांचे ‘कर्णकुंतीसंवाद’ हे नाट्यकाव्य, रामधारीसिंह दिनकरांचे ‘रश्मिरथी’ (१९५२) आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ (१९५३) ही नाटकृती ही त्याची उदाहरणे. मराठी कादंबरीत गो. नी. दांडेकरांची ‘कर्णायन’, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) व रणजित देसायांची ‘राधेय’ (१९७३) ह्या कृती निर्माण झाल्या. जन्मावरून नाकारलेली योग्यता हा कर्णकथेचा विषय समतेच्या तत्त्वावर उभारलेल्या नव्या प्रजासत्ताकातील वाचकाला जवळचा वाटणे स्वाभाविक होते.

‘मृत्युंजय’ लिहिली तेव्हा शिवाजी सावंत (१९४०–२००२) सत्तावीस वर्षांचे होते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण अशी सहा पात्रे कथा सांगतात. मूळ महाभारतात कर्णाच्या पत्नीला व धाकट्या भावाला स्वतंत्र वाणी नाही. ती देऊन सावंतांनी सूतकुलातील घराचे वातावरण उभे केले. राजसभेबाहेरचा हा जिव्हाळा कादंबरीचा सर्वांत टिकाऊ भाग होय. सूर्याच्या प्रतिमांनी भारलेली, उपमांनी समृद्ध अशी तिची भाषा वाचकांना मोहविते. अनेक भाषांत अनुवादित झालेल्या ह्या कादंबरीला भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कारही (१९९४) मिळाला.

तथापि सहा निवेदक असूनही ‘मृत्युंजय’मध्ये दृष्टिकोन बहुधा एकच राहतो. खुद्द कुंती, दुर्योधन व श्रीकृष्ण यांच्या साक्षी अखेर कर्णाच्या थोरवीलाच पुष्टी देतात. द्रौपदी, भीम किंवा अभिमन्यूची माता सुभद्रा यांना निवेदकांत स्थान नाही. वस्तुतः महाभारतातील कर्णाविरुद्धचा पुरावा थोडा नाही. द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रे हिरावून घेण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. घोषयात्रेत गंधर्वांपुढे तो रणांगण सोडतो, गोग्रहणाच्या युद्धात अर्जुनाकडून पराभूत होतो आणि अनेकांनी घेरलेल्या अभिमन्यूच्या वधात भाग घेतो. द्यूतसभेतील त्याचे शब्द कादंबरी गाळत नाही; परंतु त्यांच्यामागे स्वयंवरात झालेल्या अपमानाची स्मृती ठेवून ती त्यांची धार कमी करते. सूतपुत्राला वरणार नाही, हे द्रौपदीचे सुप्रसिद्ध उद्गार मात्र चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत नाहीत. ते पाठभेदांत गेले आहेत. अर्थात कादंबरीने चिकित्सक आवृत्तीच पाळावी, असा नियम नाही. परंपरेतील कोणताही पाठ घेण्याचा लेखकाला अधिकार आहे. प्रश्न निवडीच्या परिणामाचा आहे : संशयित पाठाच्या आधारे निश्चित पाठातील अपराध सौम्य होतो.

रणजित देसाई (१९२८–९२) यांनी ‘राधेय’मध्ये हा प्रश्न अधिक सरळपणे सोडविला. ह्या कर्णाची सत्यता महाभारताच्या पानांत शोधू नये, वाचकाने ती स्वतःच्या मनात शोधावी, अशी भूमिका त्यांनी घेतली. युद्ध संपल्यानंतरच्या शोकापासून सुरू होणारी ही कादंबरी आटोपशीर व एकसंध आहे. परंतु तिचा कर्ण इतका उदात्त आहे, की त्याच्या पतनाचे कारण जवळजवळ सर्वस्वी त्याच्याबाहेर, म्हणजे नियतीत व इतरांच्या अन्यायात, जाऊन पडते. दाजी पणशीकर यांनी ‘कर्ण खरा कोण होता ?’ ह्या ग्रंथात ह्या कर्णगौरवाची मूळ ग्रंथाच्या आधारे कठोर तपासणी केली.

ह्या वादात एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहिली. पांडवांना आपण दुर्योधनाला खूष करण्यासाठी कठोर बोललो व त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, हे उद्योगपर्वात कर्ण स्वतःच श्रीकृष्णाला सांगतो आणि आपले जन्मरहस्य युधिष्ठिराला कळू न देण्याची विनंती करतो. म्हणजे अपराध जाणणारा व तरीही दिलेल्या शब्दाला चिकटून राहणारा कर्ण व्यासांनी आधीच निर्माण केलेला आहे. निष्पाप कर्णापेक्षा तो अधिक शोकात्म आहे. कादंबऱ्यांनी त्याला सहानुभूती मिळवून दिली. परंतु त्यासाठी त्याच्या आत्मज्ञानाचे मोल दिले.

सामाजिक दृष्टीनेही ह्या कथेला मर्यादा आहे. कर्ण हा खरा क्षत्रिय असल्याचे रहस्य वाचकाला प्रारंभापासून ठाऊक असते. त्यामुळे त्याच्यावरील अन्याय हा वर्णव्यवस्थेचा अन्याय न राहता ओळख पटविण्यातील चूक ठरतो. सूत म्हणून जन्मलेल्या व सूतच राहिलेल्या अधिरथाच्या इतर मुलांचे काय, हा प्रश्न उपस्थित होत नाही. दलित साहित्याने कर्णापेक्षा एकलव्य व शंबूक यांच्या प्रतिमा अधिक जवळच्या मानल्या, त्याचे एक कारण येथे सापडते.

समकालीन ललित चिंतन : ‘मृत्युंजय’च्याच वर्षी इरावती कर्वे (१९०५–७०) यांचे ‘युगान्त’ (१९६७) प्रसिद्ध झाले व त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक (१९६८) मिळाले. दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) त्याआधीचे. ह्या कादंबऱ्या नव्हेत. परंतु पौराणिक कादंबरीचे मूल्यमापन त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय होऊ शकत नाही. ‘युगान्त’ चिकित्सक आवृत्तीचा आधार घेते आणि भीष्म, कुंती, द्रौपदी, कर्ण यांना त्यांच्या समाजरचनेत ठेवून पाहते. कल्पनेने रचलेले प्रसंग त्यातही आहेत, मात्र आधार कोठे संपतो व कल्पना कोठे सुरू होते, हे वाचकाला समजते. कर्णाविषयी करुणा बाळगूनही त्याच्या उणिवा लेखिका लपवीत नाही. कादंबरीला जे अवघड गेले, ते ह्या निबंधांना साधले.

अन्य भारतीय भाषा : एस. एल. भैरप्पा यांची ‘पर्व’ (१९७९) ही कन्नड कादंबरी उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांना परिचित झाली. तिने अद्‍भुताचा अंश काढून टाकून युद्धाचे शारीरिक व सामाजिक वास्तव पुढे ठेवले. मलयाळम्‌मध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांनी ‘रंडामूळम्’ (१९८४) मध्ये भीमाची बाजू मांडली, तर उडियात प्रतिभा राय यांनी ‘याज्ञसेनी’ (१९८४) मध्ये हिमालयाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीच्या मुखाने कृष्णाला उद्देशून तिची कथा सांगितली. ‘पर्व’मध्ये कोणत्याही एका पात्राला निर्दोष ठरविण्याचा खटाटोप नाही, हा तिचा विशेष होय.

नंतरचे लेखन : सावंतांनी ‘युगंधर’ (२०००) मध्ये श्रीकृष्णाचे मानवी चरित्र अनेक निवेदकांकरवी सांगितले. अरुणा ढेरे यांनी ‘कृष्णकिनारा’ ह्या संग्रहात राधा, कुंती व द्रौपदी यांच्या मनाचा वेध घेतला. त्यांची संयत भाषा पूर्वीच्या अलंकारप्रचुर शैलीपासून दूर जाते. जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांनी वेगळी वाट स्वीकारली. ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ ह्या दीर्घकथांत त्यांनी ज्ञात पुराणकथा न घेता पुराणकथेसारखे नवेच विश्व निर्माण केले. परिचित नावांभोवती आधीच जमलेली सहानुभूती तेथे उपलब्ध नसते; वाचकाला ती प्रत्येक कृतीगणिक नव्याने द्यावी किंवा नाकारावी लागते.

मूल्यमापन : पौराणिक कादंबरीने पुराणकथेतील मूक पात्रांना वाचा दिली आणि संस्कृत वा प्राचीन मराठी न वाचणाऱ्या पिढ्यांना महाभारताकडे वळविले, हे तिचे कार्य निःसंशय मोठे आहे. मात्र प्रथमपुरुषी निवेदनाचा स्वीकार करताना तिने महाकाव्याचा एक गुण बऱ्याचदा गमावला. महाभारतात प्रत्येक थोर पुरुषाच्या विरुद्ध कोणी ना कोणी बोलते आणि ते बोलणे पुसले जात नाही. भीष्मालाही द्रौपदीच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. नायकाचे आत्मकथन हे सहज नायकाचे वकीलपत्र बनते आणि अन्य साक्षीदार उरत नाहीत. नव्या कथनाने जुन्या कथेतील कोणाला बोलते केले, एवढे पाहणे म्हणूनच पुरेसे नाही. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांपैकी कोणाला तिने बोलू दिले, ही ह्या वाङ्‌मयप्रकाराची अधिक कठीण व अधिक न्याय्य कसोटी होय.