दगड आणि माकडं

गेल्या हिवाळ्यात नातीच्या शाळेची सहल इंदूरहून भीमबेटक्याला गेली. रात्री परतल्यावर विचारलं, "काय पाहिलंस गं?" म्हणाली, "आजी, दगड आणि माकडं!" वहीत मात्र सगळं नीट उतरवलेलं: १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी शोध लावला, २००३ साली जागतिक वारसा झाला.

वाकणकरांना हे खडक आगगाडीतून दिसले म्हणे, आणि ते वाट वाकडी करून तिथे पोचले. आमच्या मुलांनी भोजपूरचं देऊळ, भोपाळचं संग्रहालय आणि भीमबेटका एका दिवसात उरकलं. शिकारीची चित्रं तर बाईंनी घाईघाईनं टाळली. काय तर, वर्गात जैन मुलं आहेत!

चित्रांना हात लावू देत नाहीत, ते योग्यच. पण हाताचं काम आधी शाळेत करून घेता येतं की! रविवारी आम्ही दोघींनी कुंड्यांसाठी आणलेला गेरू पाण्यात कालवला, काडीचं टोक चेचून कुंचला केला. खडबडीत फरशीवर तिनं हरीण काढलं. रेघ तीनदा ओघळली. मग हळूच म्हणाली, "आजी, ह्याला मारायचे?"

हो म्हटलं. शेती ठाऊक नव्हती, तेव्हा माणूस असंही पोट भरायचा. त्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

मैत्रिणींनो, अहिंसा डोळे झाकून शिकवता येत नाही. सहल काढणाऱ्यांनी ठिकाणं कमी करावीत, पण मुलांचे प्रश्न टाळू नयेत.