चार पर्याय आणि घड्याळ : ‘कौन बनेगा करोडपती’मधील ज्ञानकल्पनेची समीक्षा

प्रस्तावना

३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवर ४ सप्टेंबर १९९८ पासून सुरू झालेल्या ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर’ या स्पर्धेची ही भारतीय आवृत्ती होय. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे एक कोटी रुपये जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. ते त्या काळात नागरी सेवा परीक्षेची तयारी करीत होते. हा तपशील वरवर योगायोगाचा वाटला तरी त्यात या कार्यक्रमाच्या आकलनाची एक किल्ली दडलेली आहे. दूरचित्रवाणीचा मंच आणि परीक्षागृह या दोन्ही ठिकाणी एकच प्रश्नप्रकार ज्ञानाचे माप म्हणून वापरला जात होता.

या कार्यक्रमाविषयी बोलताना पैशाचा मोह, वाहिन्यांची स्पर्धा आणि अमिताभ बच्चन यांचे भारदस्त सूत्रसंचालन यांचीच चर्चा बहुधा होते. ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. हा कार्यक्रम ‘जाणणे’ या क्रियेचे कोणते चित्र उभे करतो, हा प्रश्न तीत मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. चार पर्यायांच्या या खेळात ज्ञानाला पोषक असे काही घटक निश्चितच आहेत. परंतु शिक्षणव्यवस्थेने प्रश्नाचा तोच साचा वापरताना नेमके तेच घटक बाजूला ठेवले आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

स्मृती आणि प्रत्यभिज्ञा

भारतात प्रश्नमंजूषेची परंपरा या कार्यक्रमापूर्वीची आहे. १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात खुली प्रश्नमंजूषा घेतली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि महाविद्यालयीन संघांची चढाओढ घराघरांत पोहोचली. पुढे ‘कौन बनेगा करोडपती’च्या निर्मितीतही बसू यांचाच पुढाकार होता. जुन्या प्रश्नमंजूषेत उत्तर स्पर्धकाला स्वतः द्यावे लागे. ते आले नाही तर प्रश्न पुढील संघाकडे जाई. नव्या खेळात मात्र उत्तर पडद्यावर आधीच लिहिलेले असते. स्पर्धकाने केवळ ते ओळखावयाचे असते.

हा फरक लहान नाही. भारतीय दर्शनांत स्मृती आणि प्रत्यभिज्ञा असा भेद केला जातो. वस्तू समोर नसताना तिची आठवण होणे ही स्मृती. समोर आलेली वस्तू पाहून ‘हाच तो देवदत्त’ असे ओळखणे ही प्रत्यभिज्ञा. बहुपर्यायी प्रश्न मुख्यत्वे प्रत्यभिज्ञेची परीक्षा घेतो. ओळखणे हे आठवण्यापेक्षा सोपे असते, आणि म्हणूनच या खेळाची दारे अधिक जणांना उघडली. २०११ मध्ये बिहारमधील मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी पाच कोटी रुपये जिंकले. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. इंग्रजी वक्तृत्वाचा किंवा नामांकित महाविद्यालयाचा आधार नसलेल्या व्यक्तींना आपली बहुश्रुतता सर्वांसमोर सिद्ध करण्याची संधी या रचनेने दिली. २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाने सुरू झालेल्या ‘कोण होईल मराठी करोडपती’ या आवृत्तीने ही संधी मराठी भाषेतून उपलब्ध करून दिली. हे श्रेय कोणत्याही समीक्षेने नाकारता कामा नये.

तथापि प्रत्यभिज्ञेला एक मर्यादा आहे. योग्य पर्याय निवडणाऱ्यास तो का योग्य आहे हे ठाऊक असतेच असे नाही. या संदर्भात महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांचे स्मरण उद्बोधक ठरते. यक्षाच्या प्रश्नांना उत्तरे दिल्यानंतर युधिष्ठिरापुढे अखेरीस जी निवड ठेवली जाते, ती चार पर्यायांची आहे. निश्चेष्ट पडलेल्या भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव यांपैकी कोणा एकाला जिवंत करावयाचे? युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. परंतु यक्ष केवळ नावावर थांबत नाही. तो कारण विचारतो. कुंतीचा एक पुत्र जिवंत आहे, तसा माद्रीचाही एक असावा, हे कारण ऐकल्यावरच तो प्रसन्न होतो आणि चौघांनाही जीवदान मिळते. एखाद्याने अंदाजाने ‘नकुल’ म्हटले असते तरी पर्याय तोच ठरला असता. परीक्षा मात्र उत्तीर्ण झाली नसती. चार पर्यायांच्या प्रश्नाचे मोल ‘का’ या पुढच्या प्रश्नात आहे, याचा इतका स्पष्ट दाखला दुर्मीळ होय.

प्रकट विचार आणि घड्याळ

‘कौन बनेगा करोडपती’चे नाट्य उत्तरात नसून उत्तरापूर्वीच्या अवधीत आहे. स्पर्धक मोठ्याने विचार करतो. एक पर्याय कालदृष्ट्या जुळत नाही, दुसरा भूगोलात बसत नाही, तिसऱ्याविषयी वडिलांकडून काही ऐकले होते, असे तो बोलत जातो. सूत्रसंचालक त्यास पुनःपुन्हा विचारतो आणि मगच उत्तर ‘लॉक’ होते. एरव्ही मनातल्या मनात घडणारी तर्काची प्रक्रिया येथे श्राव्य होते. प्रेक्षकांचा कौल आणि मित्राला दूरध्वनी या जीवनवाहिन्यांमुळे ज्ञान हे विचारून, वाटून घेण्याची गोष्ट आहे, हेही नकळत मान्य होते. यक्षाचा ‘का’ येथे सौम्य रूपात का होईना, उपस्थित आहे.

येथे घड्याळाचा प्रश्न येतो. २००० च्या पहिल्या पर्वात मुख्य आसनावर बसलेल्या स्पर्धकास वेळेचे बंधन नव्हते. वेगाची कसोटी केवळ आसनापर्यंत पोहोचण्याच्या प्राथमिक फेरीपुरती होती. पुढील काळात मुख्य खेळातही घड्याळ आले. अलीकडील पर्वांची सर्वसाधारण रचना पाहता पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद आणि पुढच्या पाच प्रश्नांना ६० सेकंद दिले जातात. दहाव्या प्रश्नानंतर मात्र घड्याळ थांबते. घड्याळामुळे खेळाची गती वाढली, परंतु प्रारंभीच्या प्रश्नांवरील प्रकट विचार आखडला. त्याच वेळी या रचनेत एक महत्त्वाची कबुलीही आहे. प्रश्न जसा अवघड होतो, तसे घड्याळ दूर करावे लागते. माहिती वेगाने ओळखता येते. विचार मात्र सेकंदांत बांधता येत नाही, हे मनोरंजनाच्या व्यवसायालाही उमगलेले आहे.

‘माहीत नाही’ या उत्तराचे मूल्य

या खेळाचा दुसरा दुर्लक्षित विशेष म्हणजे खेळ सोडण्याचा अधिकार. पहिल्या पर्वाच्या रचनेनुसार १५ प्रश्न होते. चौदाव्या प्रश्नाअखेर स्पर्धकाच्या हाती ५० लाख रुपये असत. पंधराव्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आल्यास १ कोटी मिळत. चुकल्यास तो थेट ३ लाख २० हजारांवर येई. म्हणजे बरोबर उत्तराने ५० लाखांची भर पडे आणि चुकीने ४६ लाख ८० हजारांची घट होई. गणिताने पाहता उत्तराविषयीची खात्री सुमारे ४८ टक्क्यांहून अधिक असेल तरच उत्तर देणे लाभाचे. पण सरासरीचे हे गणित पुष्कळदा खेळणाऱ्यासाठी असते. स्पर्धकाला खेळ एकदाच मिळतो. त्यामुळे त्याला प्रश्नाच्या उत्तराबरोबरच आणखी एक गोष्ट जाणावी लागते. आपल्याला जे ठाऊक आहे असे वाटते, ते खरोखरच किती ठाऊक आहे?

स्वतःच्या अज्ञानाची सीमा ओळखून थांबणाऱ्याचा येथे पराभव होत नाही. तो मिळविलेली रक्कम घेऊन टाळ्यांच्या गजरात परततो. ‘मला माहीत नाही’ या प्रामाणिक विधानाला सार्वजनिकरीत्या किंमत देणाऱ्या जागा आपल्या समाजात फारच थोड्या आहेत, आणि एका करमणुकीच्या कार्यक्रमाने ती जागा निर्माण केली, ही त्याची खरी सांस्कृतिक कमाई होय.

ज्ञानाचा उगम

या कार्यक्रमावरील सर्वांत मार्मिक भाष्य समीक्षेतून नव्हे, तर कथात्म साहित्यातून आले. विकास स्वरूप यांच्या ‘क्यू अँड ए’ (२००५) या इंग्रजी कादंबरीत आणि तिच्यावर आधारलेल्या डॅनी बॉइल यांच्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ (२००८) या चित्रपटात एक दरिद्री तरुण अशा स्पर्धेत सर्व उत्तरे बरोबर देतो आणि म्हणूनच फसवणुकीच्या संशयाने पकडला जातो. प्रत्येक उत्तर त्याला कोठून मिळाले, याची हकीकत म्हणजेच कथानक. मूळ खेळ उत्तराचा उगम विचारत नाही. कादंबरी नेमका तोच विचारते. परिणामी सुटे वाटणारे प्रत्येक तथ्य एका आयुष्याशी जोडलेले असल्याचे दिसते. योगायोगांची रेलचेल हा या कथानकाचा दोष मान्य केला तरी त्याचा आक्षेप मूलगामी आहे. माहिती संदर्भहीन नसते; प्रश्नाचा साचा तिला संदर्भहीन करतो.

परीक्षागृहातील ७२ सेकंद

बहुपर्यायी प्रश्नाचा जन्म करमणुकीसाठी झाला नाही. अमेरिकेतील कॅन्सस येथे फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास तयार केलेली वाचनचाचणी ही या प्रकाराची आरंभीची प्रसिद्ध कसोटी मानली जाते. परीक्षकांच्या गुणदानातील तफावत कमी करणे हा तिचा उद्देश होता. १९१७ मध्ये अमेरिकी सैन्यभरतीच्या चाचण्यांनी अल्पावधीत असंख्यांना तपासण्याची या प्रकाराची क्षमता दाखवून दिली. निःपक्षपात आणि सोय ही दोन कारणे आजही कायम आहेत.

संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न आणि २ तास असतात, म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत डिसेंबर २०१८ पासून १५० प्रश्न आणि ३ तास आहेत. सरासरी पुन्हा ७२ सेकंदच. प्रशासक आणि प्राध्यापक यांच्या निवडीच्या दारावर एकच घड्याळ टांगलेले आहे, आणि दहाव्या प्रश्नानंतर ते थांबत नाही.

‘माहीत नाही’ या उत्तराचे येथे काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या उपर्युक्त प्रश्नपत्रिकेत बरोबर उत्तरास २ गुण मिळतात आणि चुकीसाठी त्याचा एक-तृतीयांश वजा होतो. चारांपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडल्यास सरासरी लाभ शून्य येतो. परंतु एक पर्याय बाद करता आला, तर उरलेल्या तिघांतील अंदाज सरासरी ०.२२ गुण मिळवून देतो. शिकवणी वर्गांत पर्याय बाद करण्याचे तंत्र ज्ञानशाखेइतक्याच गांभीर्याने का शिकविले जाते, याचे उत्तर या अपूर्णांकात आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत तर चुकीस गुण वजा होत नाहीत. तेथे प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटाच ठरतो. याच परीक्षेची तिसरी प्रश्नपत्रिका जून २०१२ पासून वर्णनात्मकाऐवजी वस्तुनिष्ठ झाली. भावी अध्यापकाने सलग चार परिच्छेद लिहून दाखविण्याची अट तेव्हापासून या परीक्षेतून नाहीशी झाली.

महाराष्ट्रात हा वाद रस्त्यावरही आला. राज्यसेवा मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका २०१२ पासून बहुपर्यायी होत्या. त्या वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात परीक्षार्थींनी आंदोलन केले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. या विरोधास केवळ आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर्षानुवर्षे एका साच्यात तयारी केलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने साचा बदलणे म्हणजे वय आणि पैसा दोन्ही गमावणे होते. शिवाय यंत्र तपासते त्या उत्तरपत्रिकेस अक्षर, भाषाशैली वा आडनाव नसते, हा विश्वासही त्यामागे होता. खेद याचा आहे की, न्याय आणि विचार यांपैकी एकाचीच निवड करावी, अशी वेळ विद्यार्थ्यावर आली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘कौन बनेगा करोडपती’ने ज्ञानाचे अवमूल्यन केले, हा सरसकट आक्षेप टिकत नाही. त्याच्या रचनेत प्रकट विचार, इतरांस विचारण्याची मुभा, अवघड प्रश्नास लाभणारा अवधी आणि थांबण्याचा सन्मान हे चार गुण आहेत. परीक्षापद्धतीत प्रश्नाचा साचा आणि घड्याळ ही दोनच अंगे उरली. चारही गुण बाहेर राहिले. म्हणून समीक्षेचा रोख दूरचित्रवाणीपेक्षा शिक्षणसंस्थांकडे अधिक असावयास हवा.

बहुपर्यायी प्रश्न टाकून देणे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु महाविद्यालयीन अंतर्गत मूल्यमापन अद्याप बऱ्याच अंशी अध्यापकांच्या हाती आहे. तेथे दहाच प्रश्न द्यावेत, प्रत्येक पर्यायाखाली कारणाचे एक वाक्य लिहावयास सांगावे आणि ‘निश्चित माहीत नाही’ असे सकारण लिहिणाऱ्यास अंशतः गुण द्यावेत, एवढा बदल कोणत्याही मंजुरीवाचून करता येण्याजोगा आहे. तपासणीचा भार त्याने वाढेल, हे उघड आहे. मात्र नकुलाचे नाव ऐकून यक्षानेही तो भार टाळला असता, तर सरोवराच्या काठावर एकच भाऊ उठून बसला असता.