मजकूर उरला, पुस्तक गेले

दुर्मीळ पुस्तक म्हटले की मराठी संग्राहकाची नजर आपोआप जुन्याकडे वळते. १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून छापलेली भगवद्गीता, गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातली शिळाप्रेसची पुस्तके, १८६७च्या कायद्याने पुस्तकांची नोंदणी सक्तीची होण्याआधीची दोलामुद्रिते, यांना आपल्याकडे मानाचा पाट आहे. आणखी मागे गेले तर गोव्यात रायतूरला १६१६ साली छापले गेलेले फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण आहे. त्याची छापील प्रत हाती लागलेली नाही, ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारे. हा मान रास्तच आहे. पण वय म्हणजेच दुर्मीळपणा, ही समजूत त्यातून पक्की झाली आणि तिने नुकसान केले. गेल्या सत्तर वर्षांत मराठीत आणि मराठीच्या शेजारी अशी पुस्तके निघाली की त्यांचा कागद, आकार, अक्षर आणि मुखपृष्ठ हे सारे त्यांच्या अर्थातच मोडत होते. त्यांतला मजकूर आपण जपला, पुनर्मुद्रित केला, अभ्यासक्रमाला लावला. पुस्तक मात्र रद्दीत गेले.

याचे मूळ आपल्या संग्रहवृत्तीच्या इतिहासात आहे. इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळली ती इतिहासासाठी. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही साधने जमवायला. कागद म्हणजे पुरावा, ही त्या पिढीची शिकवण. पुराव्याची नक्कल उतरवून छापली की मूळ कागदाचे निम्मे काम संपले, असे त्या शिकवणीत गृहीतच होते. शंकर गणेश दाते यांनी पुढे मराठी ग्रंथांची सूची केली. एका माणसाच्या चिकाटीतून एवढे काम झाले, याचे आजही नवल वाटते. पण ती १९५०पाशी थांबते. नियतकालिकांची सूचीही तिथेच थांबते. नेमक्या त्यानंतरच्या दशकात मराठी छपाईत काहीतरी वेगळे सुरू झाले, आणि ते नोंदवायला तितका चिवट सूचीकार उरला नव्हता.

१९५५ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले ते सायक्लोस्टाइलवर. १९६३ साली अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. मग ‘येरू’, ‘फक्त’, ‘वाचा’, ‘चक्रवर्ती’ अशी रांग लागली. लघुनियतकालिकांच्या या चळवळीवर मराठीत बरेच लिहून झाले आहे, पण जवळजवळ सगळे आशयाबद्दल: प्रस्थापितांशी भांडण, ‘सत्यकथे’वरचा राग, भाषेतला उद्धटपणा. भांडणाची अर्धी बाजू छपाईची होती, हे बाजूलाच राहिले. मुद्रितशोधनाची शिस्त मराठीला ‘सत्यकथा’ काढणाऱ्या मौजेने लावली आणि तिचे पान नितळ असे. त्या नितळपणालाच या मंडळींनी नकार दिला. हे अजाणतेपणी झाले म्हणावे, तर कोलटकर जे. जे.मध्ये शिकलेले आणि जाहिरातीच्या धंद्यात मानाने घेतले जाणारे नाव, तर शहाण्यांना अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत सगळ्यात रस. १९७६ साली कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ काढले आणि स्वतःचीच पुस्तके छापली. त्या पुस्तकांचे रूप ठरवणारा हात कोलटकरांचा होता. ‘जेजुरी’ त्यांपैकीच. त्यात शेवटाकडे शेतात कोंबडे-कोंबड्या नाचतात तिथे शब्द ओळी सोडून पानभर वर-खाली उड्या मारतात. ती कविता कुणी नुसती वाचून दाखवली तर ऐकणाऱ्याला निम्मीच मिळेल. पुढच्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढले आणि २००३ साली ‘भिजकी वही’ही. मोठ्या प्रकाशकांकडे न जाता कवी पंचवीस वर्षांहून अधिक काळ एका छोट्या प्रकाशनाला धरून राहतो, याचे कारण मैत्री हे आहेच. पण पान कसे दिसावे हे ठरवण्याचा हक्क त्याला सोडायचा नव्हता, असे मला वाटते. २००५ साली ‘जेजुरी’ न्यूयॉर्कहून निघाली, सुबकही आहे, तिने कवीला नवे वाचक दिले. तरी ती १९७६ची ‘जेजुरी’ नव्हे.

यावर कुणी विचारील की सायक्लोस्टाइलच्या चिटोऱ्यांना कलात्मक मुद्रणाच्या पंगतीला कसे बसवता? विल्यम मॉरिसने १८९१ साली केल्मस्कॉट प्रेस काढली, तिचा १८९६चा चॉसर पाहावा: खास घडवलेला टाइप, हातकागद, बर्न-जोन्सची ८७ चित्रे, कागदावर ४२५ प्रती आणि कातड्यावर १३. त्यापुढे आपले पिवळे पडलेले अंक काय! आक्षेप खरा आहे, आणि सगळे अंक सुंदर होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कित्येक अंक नुसते गबाळे होते. शाई फुटलेली, शुद्धलेखन वाऱ्यावर. पण मॉरिसचे महत्त्व महाग कागदात नाही. बाजारी छपाई त्याला सोसवेना, म्हणून लेखन ते बांधणी हा सगळा व्यवहार त्याने आपल्या देखरेखीखाली आणला. निकष असेल तर तो हा. शिवाय कलावंताच्या पुस्तकाची आधुनिक परंपरा महागड्या कागदावर उभी नाहीच. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने १९६३ साली पेट्रोल पंपांच्या २६ फोटोंचे पुस्तक साध्या ऑफसेटवर छापले आणि स्वस्तात विकले. आज ते या कलाप्रकाराचे आरंभस्थान मानतात. ‘असो’ही त्याच वर्षीचे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण छपाईचे स्वस्त साधन हाती येताच मालकाची गरज संपते, हे दोन्हीकडे एकाच सुमारास उमगले होते.

मग हे सारे गेले कुठे? पहिला दोष आपल्या ग्रंथालयांचा, आणि तो सद्हेतूने झालेला दोष आहे. पुस्तक दाखल झाले की मुखपृष्ठ काढायचे, पुठ्ठा चढवायचा, कडा कापायच्या, पाठीवर क्रमांक टाकायचा. पुस्तक दहा वर्षे जास्त फिरते, हे खरे. पण दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांची मुखपृष्ठे याच रीतीने मोठ्या संख्येने नाहीशी झाली. जुन्या मराठी पुस्तकाची मूळ वेष्टनासह प्रत ग्रंथालयापेक्षा एखाद्या घरच्या कपाटात मिळण्याची शक्यता अधिक. हलक्या कागदाचे अंक तर ग्रंथालयांपर्यंत पोचलेच कमी. लाकडाच्या लगद्याचा तो कागद स्वतःतल्या आम्लानेच ठिसूळ होतो, पिना गंजतात. आता डिजिटल प्रतींवर भरवसा ठेवला जातो, आणि मजकुरासाठी तो योग्यच आहे. मात्र स्कॅन होते ते याच कापलेल्या, पुठ्ठा चढवलेल्या प्रतींचे, पुष्कळदा काळ्या-पांढऱ्यात. जे आधीच काढून टाकले ते स्कॅन कुठून आणणार? दरम्यान मुंबईच्या कवींची कागदपत्रे आणि पुस्तके जमवण्याचे काम अंजली नेर्लेकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या पुढाकाराने उभे राहिले ते अमेरिकेत इथाका गावातल्या कॉर्नेल विद्यापीठात. तिथे ती नीट राहतील, याबद्दल कृतज्ञच असायला हवे. मुंबईच्या काळा घोड्याच्या कवीसाठी, कोलटकरांसाठी, अभ्यासकाला इथाकाला जावे लागते, ही शरम आपली.

आणखी एक आक्षेप जास्त अवघड आहे. हे अंक टाकाऊ म्हणूनच काढले होते, मग काचेच्या कपाटात ठेवून त्यांचा कणाच मोडत नाही का? आणि एकदा संग्राहक आले की दर चढतात, अभ्यासक बाहेर राहतो. दुसरी भीती मला पूर्ण मान्य आहे. तिच्यावर उपाय एकच, सार्वजनिक संस्थांनी बाजाराच्या आधी पोचणे. पहिली मात्र पटत नाही. शेठजी-संपादकांपासून सुटका हा या मंडळींचा हेतू होता. विस्मरणात जाणे हा नव्हता. मूळ कागद का जपावा याचे उदाहरण घ्या: वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ साली पोस्टर म्हणून निघाली. खटला झाला तो १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या मासिकात ती पुन्हा छापल्यावर, आणि प्रकरण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकालात चर्चा आहे ती कवितेच्या भाषेची. भिंतीवर लावायचा कागद आणि संघटनेचे मासिक यांत तोच मजकूर वेगळा वाचला जातो का, हे समजून घ्यायचे असेल तर पोस्टर समोर असावे लागते.

आजचे चित्र सरळ निराशेचे नाही. कोलकात्याला पी. लाल यांनी १९५८ साली सुरू केलेल्या रायटर्स वर्कशॉपने हातमागाच्या साडीच्या कापडात पुस्तके बांधली. चेन्नईच्या तारा बुक्सने गोंड चित्रकारांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ काळ्या हातकागदावर हाताने स्क्रीनप्रिंट करून जगभर विकले. त्याच ताराने रमेश हेंगाडी, शांताराम धडपे या वारली चित्रकारांना घेऊन ‘डू!’ हे पुस्तक केले. चित्रकार महाराष्ट्राचे, छपाई चेन्नईची, भाषा इंग्रजी. हात आपल्याकडे आहेत. पुस्तक वस्तू म्हणून विकत घेणारा मराठी ग्राहक नाही, आणि तो नाही म्हणून प्रकाशकही धजत नाही. दिवाळी अंकावर हौसेने पैसे खर्च करणाऱ्या समाजाला हे परवडत नाही, असे म्हणवत नाही. ग्रंथालयांनी निदान एवढे करावे: १९५० नंतरच्या पुस्तकांची बांधणी करताना मूळ मुखपृष्ठ आत शिवून घ्यावे, आणि एक प्रत न कापता, न चिकटवता वेगळी ठेवावी. ज्यांच्या माळ्यावर साठ-सत्तरच्या दशकातले अंक पडून आहेत, त्यांनी ते रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्यापूर्वी जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला एक पत्र टाकावे.