आधी खिचडी की आधी सरमिसळ?

‘खिचडी सरकार’, ‘खिचडी भाषा’ असं काही दिसलं की आपण लगेच लिहून मोकळे होतो: पदार्थाचं नाव स्वयंपाकघरातून बाहेर पडलं आणि त्याला ‘सरमिसळ’ हा अर्थ आला. माझ्या प्रकरणात मी हेच वाक्य खिचडीला आणि मिसळीलाही लावलं होतं. मॅडमनी ‘मिसळ’भोवती गोल काढला आणि समासात एकच शब्द लिहिला: दिशा?

खिचडीचं ठीक आहे. संस्कृतातलं ‘कृसर’ हे मिश्र अन्नाचंच नाव. 14व्या शतकात इब्न बतूताने मूग-तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खातात, असं लिहून ठेवलंय. इथे शब्द खरोखर पातेल्यातून बाहेर गेला.

मिसळीचं उलटं. ‘मिसळणे’ आधीचं, सीवूड्स स्टेशनबाहेर पावाबरोबर मिळते ती नंतरची. ‘कालवण’ही तसंच, ‘कालवणे’वरून आलेलं. म्हणजे माझं अर्धं वाक्य चूक!

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. असा शब्द हेटाळणीचाच असतो, हे मी गृहीत धरलं होतं. पण वाटणीच्या दाव्यात वकील ‘हॉचपॉट’ म्हणतात ना, तोही फ्रेंच ‘होशपो’च्या, म्हणजे एकत्र शिजवलेल्या रश्श्याच्या कुळातला. अर्थ काय, तर घरची सगळी मिळकत आधी एकत्र आणा, मग वाटे पाडा. यात नाक कोण मुरडतंय?

आता प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने आखलेत: पदार्थ म्हणून जुनी नोंद, मिश्रण म्हणून जुनी नोंद, आणि बोलणाऱ्याचा सूर. पहिल्या दोनांसाठी मोल्सवर्थचा 1831चा कोश आधी उघडा. तिसऱ्याला कोश पुरत नाही, जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात.