नैसर्गिक म्हणून निर्धोक?

वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, बागकामाच्या पुस्तिका आणि शालेय विज्ञान प्रदर्शने यांतून एक ठराविक मजकूर वर्षानुवर्षे आढळतो. आरंभी रासायनिक कीडनाशकांचे दुष्परिणाम सांगितलेले असतात. मग ‘नैसर्गिक उपाय’ या मथळ्याखाली यादी येते : तंबाखूचा काढा, लसूण-मिरचीचा अर्क, निंबोळी अर्क, साबणाचे पाणी. शेवटी निष्कर्ष असा, की हे उपाय स्वस्त, सोपे व पूर्णपणे निर्धोक आहेत. या लेखनामागच्या हेतूविषयी आमची तक्रार नाही. कुंडीतल्या जास्वंदीवर किंवा शाळेच्या परसबागेतल्या वांग्यावर जहाल विष फवारण्याचे काही कारण नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु हा मजकूर मुलांपुढे विज्ञान म्हणून ठेवला जातो, तेव्हा तो विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहायला हवा. तसे केले असता त्यात तीन दोष दिसतात.

पहिला दोष ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या वापरात आहे. पदार्थ वनस्पतीपासून मिळाला, एवढ्यावरून तो सौम्य ठरत नाही. तंबाखूतील निकोटिन कीटकांच्या मज्जासंस्थेवर ज्या प्रकारे आघात करते, त्याच प्रकारे ते माणसाच्या मज्जासंस्थेवरही करते आणि त्वचेतून शरीरात शिरते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या आणि चक्कर यांचा त्रास होतो, तो यामुळेच. निकोटिन सल्फेट या कीडनाशकाच्या वापरावर भारतात बंदी आहे. असे असता, तंबाखू रात्रभर भिजवून तो काढा मुलांनी हाताने गाळावा व फवारावा, असे सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे. शिवाय तंबाखूच्या पानांतून मोझॅक रोगाचा विषाणू टोमॅटो व मिरचीच्या रोपांपर्यंत पोचू शकतो, ते वेगळेच. डेरिस वेलीच्या मुळांतील रोटेनोन हेही नैसर्गिकच. पण ते माशांना मारक असल्याने मासेमारीसाठी वापरले गेले आहे. विषारीपणा ठरतो तो पदार्थाची रचना, त्याची मात्रा आणि तो शरीरात शिरण्याचा मार्ग यांवरून, जन्मस्थानावरून नव्हे.

दुसरा दोष अधिक खोलवरचा आहे. आपण मराठीत ‘औषध मारले’ असे म्हणतो. नैसर्गिक उपायांच्या याद्यांनी औषध बदलले, पण ‘मारणे’ तसेच ठेवले. साबणाच्या पाण्याला किंवा मिरचीच्या अर्काला मावा कोणता आणि माव्यावर जगणारा कोण, हे कळत नाही. ढालकिड्याची (लाल-पिवळ्या, ठिपकेवाल्या भुंगेऱ्याची) अळी काळपट, सुसरीसारखी लांबट असते आणि वाढीच्या काळात शेकडो मावे खाते. अनेकांना ती ओळखता येत नाही, म्हणून तीही कीड समजून मारली जाते. क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची गंमत तर याहून मोठी आहे. हा कीटक ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. पिठ्या ढेकणांवर जगणारी त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी झाकलेली असते व थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. कापसाचा बोळा घेऊन जास्वंदीची फांदी पुसणारा माणूस चोरासोबत पहारेकऱ्यालाही हाकलतो.

पहारेकरी नाहीसा झाला की काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील संत्रा-लिंबांच्या बागांत घडलेले आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या आयसेरिया या खवले किडीने एकोणिसाव्या शतकात या बागा जेरीस आणल्या. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून वेडेलिया नावाचा ढालकिडा पाठवला आणि दोन वर्षांच्या आत कीड आटोक्यात आली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ती तशी राहिली. १९४६-४७ च्या सुमारास बागांत डीडीटी फवारले गेले, वेडेलिया मेला आणि खवले कीड पुन्हा उसळली. येथे विष कृत्रिम होते हे खरे. परंतु शत्रू-मित्र न ओळखणारा कोणताही फवारा, मग तो घरच्या मिक्सरवर केलेला का असेना, लहान प्रमाणात हेच करू शकतो.

उलट अलीकडचे उदाहरण पाहा. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळला व पुढे महाराष्ट्रातही पसरला. अंगावरच्या मेणामुळे फवाऱ्यांना तो सहजी दाद देत नव्हता. २०१० मध्ये त्याच्यावरच वाढणारी ॲसेरोफॅगस पपायी ही सूक्ष्म गांधीलमाशी पोर्टो रिकोहून बंगळुरूला आणली गेली. विलगीकरणात तपासणी झाल्यावर ती सोडण्यात आली आणि कीड आटोक्यात आली. येथे यश मिळाले ते नेमक्या किडीचा नेमका शत्रू ओळखल्यामुळे आणि आधी तपासणी केल्यामुळे. कुंडीच्या पातळीवर हाच विचार फार साधा आहे. पिठ्या ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात व ढालकिड्यांना पळवून लावतात. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली आपल्याकडे पाण्याच्या वाट्या ठेवत असत. त्याच रीतीने कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली, तिची पाने कशाला टेकू दिली नाहीत, तर मुंग्यांची वाट अडते आणि उरलेले काम ढालकिड्यांना करता येते. मात्र त्यासाठी थोडी कीड झाडावर राहू द्यावी लागते. भक्ष्यच संपले, तर भक्षक थांबणार कशाला?

तिसरा दोष शिक्षकांच्या थेट कक्षेतला आहे. प्रदर्शनातील तक्त्यावर ‘संध्याकाळी निंबोळी अर्क फवारला, सकाळी मावा नाहीसा’ असे लिहिलेले असते. आता कडुनिंबाविषयी भक्कम पुरावा आहे. १९६२ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान व सहकाऱ्यांनी दाखवले, की निंबोळीचा अर्क फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. परंतु त्यातील ॲझाडिरॅक्टिन हा घटक मुख्यतः कीटकांची भूक मारतो आणि त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. ही कामे सावकाश होतात. रातोरात मावा गेला असेल, तर संशय अर्कात मिसळलेल्या साबणावर किंवा नुसत्या पाण्याच्या माऱ्यावर घ्यायला हवा. मावा काही दिवसांनी आपोआपही ओसरतो. तुलनेसाठी न फवारलेले झाड ठेवलेच नाही, तर यांतले काय घडले हे कसे कळावे?

हे शोधणे शाळेत सहज शक्य आहे. चवळीवर मावा हमखास येतो. बारा कुंड्यांचे चार गट करावेत : एकावर काहीच नाही, दुसऱ्यावर पाणी, तिसऱ्यावर साबणाचे पाणी, चौथ्यावर तितकाच साबण घातलेला निंबोळी अर्क. शेंड्याच्या दहा सेंटिमीटर भागावरील मावा फवारणीपूर्वी आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी मोजावा. ढालकिड्याच्या अळ्या आणि परजीवी माशीमुळे फुगून बदामी झालेले मावेही वेगळे मोजावेत. कोणत्या कुंडीवर काय फवारले, हे मोजणाऱ्याला सांगू नये.

निकाल कडुनिंबाच्या बाजूने लागेल किंवा साबणाच्या. कदाचित काहीच न फवारलेली चवळी चौदाव्या दिवशी सर्वांच्या बरोबरीने उभी असेल. यांपैकी कोणताही निकाल तक्त्यावर लिहिण्याजोगा आहे. न मोजता लिहिलेला ‘निर्धोक व गुणकारी’ हा शेरा मात्र विज्ञान प्रदर्शनात मांडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण छापील शेऱ्यावर विश्वास ठेवायला शिकलेला विद्यार्थी उद्या विषाच्या डब्यावरचा शेराही तितक्याच विश्वासाने वाचणार आहे.