आवाजाची भिंत आणि आईची जागा

फराळाची ताटे आवरली, की सगळ्यांनी मिळून एखादा जुना चित्रपट पाहायचा, हा आमच्या वर्ध्याच्या घरचा दिवाळीचा प्रघात. यंदा भाच्याने 'द साउंड बॅरियर' लावला. डेव्हिड लीन या दिग्दर्शकाचा १९५२ चा हा इंग्रजी चित्रपट. पटकथा नाटककार टेरेन्स रॅटिगनची. चित्रपट संपला. भाचा विमानांवर खूष होता. माझी आई मात्र म्हणाली, "सारं खरं, बाप्पा. पण त्या पोराची माय कुठी हाये?"

"आजी, ती आधीच वारली असेल," भाचा म्हणाला.

सगळे हसले, पण या चित्रपटावर याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

कथा थोडक्यात अशी. रिजफील्ड हा विमानांचा धनाढ्य कारखानदार. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे विमान प्रथम आपणच करायचे, या ध्यासाने तो झपाटलेला आहे. मुलाला उड्डाणाची भीती वाटते. तरी बापाच्या धाकाने तो विमान चालवतो आणि पहिल्याच एकट्या उड्डाणात मरतो. पुढे जावई टोनी चाचणी-वैमानिक होतो, तोही जातो. कन्या सुसान बापाला सोडून निघून जाते. शेवटी टोनीचा मित्र ती अदृश्य भिंत ओलांडतो आणि लेक तान्ह्या बाळासह बापाकडे परतते.

चित्रपट म्हणून याचे सामर्थ्य नि:संशय आहे. राल्फ रिचर्डसनने रिजफील्डला राक्षस केलेले नाही. त्याच्या हट्टात एक थंड प्रामाणिकपणा दाखवला आहे. आणि 'हे सारे कशासाठी?' हा सुसानचा प्रश्न अॅन टॉडने कुठेही रडवेला होऊ दिलेला नाही.

पण या कथेमागे एक खरा मृत्यू आहे. २७ सप्टेंबर १९४६ रोजी, महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झाले असता, जेफ्री डी हॅविलंड हा ३६ वर्षांचा वैमानिक इंग्लंडमधील हॅटफील्डहून 'डीएच १०८' हे विमान घेऊन निघाला. ते बनवले होते त्याच्या वडिलांच्या कंपनीने. 'व्हॅम्पायर' या लढाऊ विमानाचे धड, त्याला मागे कललेले पंख, आणि आडवे शेपूट नाहीच, अशी त्याची रचना होती. वेगाच्या विक्रमाची तयारी चालली होती. ध्वनीच्या वेगाजवळ हवा दबते, धक्क्याच्या लहरी उठतात, पंखांवरचा भार जागा बदलतो. विमान जोराने वरखाली हेलकावले आणि टेम्सच्या मुखावर आकाशातच तुटले. असली तीन विमाने बांधली होती. १९५० पर्यंत तिन्ही कोसळली आणि तिघे वैमानिक गेले.

चित्रपटात मात्र कोडे एका युक्तीने सुटते. ऐन क्षणी वैमानिक दांडा उलट दिशेने ढकलतो आणि भिंत पार! प्रत्यक्षात हा वेग सरळ उड्डाणात प्रथम गाठला अमेरिकेच्या चक येगरने, १४ ऑक्टोबर १९४७ रोजी. आणि अशी उलटी युक्ती जीव घेईल, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच्या विमानाला उपयोगी पडले ते हलवता येणारे आडवे शेपूट. ही तांत्रिक चूक क्षम्य आहे. कलेला तेवढी मोकळीक असावी. पण त्या युक्तीने एक नैतिक खोटेपणा आत शिरतो. कोडे सुटले, म्हणून मेलेल्यांचा हिशेबही चुकता झाला, असे प्रेक्षकाला वाटू लागते.

आणि खऱ्या घरात आई होती! लुईझ डी हॅविलंडचा धाकटा मुलगा जॉन १९४३ मध्ये विमानांच्या टकरीत गेला होता; तीन वर्षांनी थोरला गेला. ती मनाने खचली आणि १९४९ मध्ये वारली. बाप आणि बायको ठेवून पटकथाकाराने आई वगळली, ती उगाच नव्हे. ती असती, तर शेवटचा समेट पडद्यावर उभाच राहिला नसता.

चित्रपट लागून दोन महिने होतात न होतात तोच, ६ सप्टेंबर १९५२ रोजी, फार्नबरोच्या प्रदर्शनात 'डीएच ११०' आकाशात फुटले. वैमानिक जॉन डेरी, त्याचा सहकारी आणि २९ प्रेक्षक ठार झाले. बरोबर चार वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, याच डेरीने 'डीएच १०८' मधून ध्वनीचा वेग ओलांडला होता. त्या दिवशीही कार्यक्रम पुढे चालूच राहिला.

हे परक्यांचे दु:ख म्हणून बाजूला सारता येत नाही. १९४८ मध्ये आपल्या वायुदलात आलेले पहिले जेट विमान व्हॅम्पायरच होते; पुढे ते बंगळुरूलाही बनले. आमच्या घरापासून काही मैलांवर सेवाग्राम आहे. तिथे राहिलेल्या म्हाताऱ्याने १९०९ मध्येच 'हिंद स्वराज्य'त रेल्वेच्या वेगावरही शंका घेतली होती. मी स्वत: रेल्वेने हिंडतो, विमानातही बसतो, त्यांचा सगळा युक्तिवाद मला पटत नाही. विमानातला आपला निर्धास्त प्रवास असल्याच चाचण्यांवर उभा आहे, हेही मी जाणतो. म्हणून वैमानिकाच्या धाडसाला उणे म्हणवत नाही. तक्रार आहे ती त्या धाडसाच्या वतीने परस्पर समाधान मानणाऱ्या कथेशी.

चित्रपट जरूर पाहा, मुलांना घेऊन पाहा. मात्र घरातल्या वडीलधाऱ्या बाईलाही शेजारी बसवा आणि संपल्यावर तिला काय वाटले, ते विचारा.