कुंडलचे पार्श्वनाथ : कथा आणि पुरावा

सांगली जिल्ह्यांतील कुंडल हें गांव पूर्वीं औंध संस्थानांत, पंतप्रतिनिधींच्या अमलाखालीं होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. दिगंबर जैन समाज या गांवास अतिशयक्षेत्र मानतो. गांवांत कलिकुंड पार्श्वनाथ, डोंगरांतील गुहेंत झरी पार्श्वनाथ व माथ्यावर गिरी पार्श्वनाथ अशीं तीन स्थानें प्रसिद्ध आहेत. मूर्तीवर खडकांतून पाणी ठिबकतें म्हणून झरी हें नांव. या क्षेत्राविषयीं जें वारंवार लिहिलें जातें, त्यांत कथा व इतिहास यांची सरमिसळ झालेली आढळते. ती निवडून पाहणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

प्रचलित कथा अशी : गांवाचें मूळ नांव कौंडिण्यपूर, तेथील राजा सत्येश्वर दुखण्यानें जर्जर झाला, राणी पद्मश्री हिनें वाळूची पार्श्वनाथमूर्ति करून पूजिली व राजास आराम पडला. कथा गोड आहे. परंतु तिच्या आधारें हें गांव प्राचीन राजधानी होतें असें जें अनुमान काढतात, तें आम्हांस मान्य होण्यासारखें नाहीं.

प्रथम नांवाचा विचार करूं. रुक्मिणीच्या कथेशीं निगडित असलेलें कौंडिण्यपूर वर्‍हाडांत, अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं आहे व त्याचें उत्खननही झालें आहे. कौंडिण्यपुरापासून कोंडणपूर हें रूप सहज निघेल. पण ‘पूर’ गळून शेवटीं ‘ल’ कोठून यावा? कर्णभूषणवाचक ‘कुंडल’ शब्द घेतला तरी अडचण आहेच. स्वरमध्यगत एकेरी ल मराठींत ळ होतो, जसें फल-फळ, कमल-कमळ. तेव्हां येथील ल हा एक तर तत्सम लेखनाचा संस्कार, नाहीं तर मूळच्या द्वित्त ‘ल्ल’चा अवशेष. निर्णय तर्कानें होणार नाहीं. जुन्या कागदांतील रूपच तो देईल.

दुसरें, वाळूची मूर्ति व राजाचें रोगनिवारण हे दोन्ही प्रसंग एकट्या कुंडलचे नव्हेत. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या कथेंत ते आहेत, व ती कथा जिनप्रभसूरीच्या चौदाव्या शतकांतील ‘विविधतीर्थकल्प’ ग्रंथांत आलेली आहे. त्याच ग्रंथांत कलिकुंड नांवाचें तीर्थ अंगदेशांत, चंपेजवळ सांगितलें आहे. गुजराथेंत धोळक्यासही कलिकुंड पार्श्वनाथ आहेत. शिवाय दिगंबर पूजाविधींत उपद्रवशमनार्थ कलिकुंड यंत्राची पूजा आहे. तेव्हां हें नांव भूगोलांतून न येतां पूजेंतून आलें असावें, आणि ‘कुंड’ व ‘कुंडल’ यांच्या ध्वनिसाम्यानें तें येथें रुजलें असावें, अशी शंका आम्हांस येते. शंकेपलीकडे तिची योग्यता आम्ही मानीत नाहीं.

तिसरा दोष मोठा आहे. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरांत कर्‍हाड, वाई, भोसे, मलवडी, पाटण व पाटेश्वर यांबरोबर कुंडलच्याही लेण्यांचा निर्देश आहे. तेवढ्यावरून लेणें जुनें म्हणून मूर्ति जुनी, मूर्ति जुनी म्हणून कथा जुनी, असा जिना चढतात. वस्तुतः गुहेचें वय, मूर्तीचें वय, पूजेचें वय आणि कथेचें वय या चार निराळ्या गोष्टी होत. एकीचा पुरावा दुसरीस चालत नाहीं.

पुरावा कसा असतो हें शेजारींच दिसतें. कोल्हापूरच्या शके १०६५ च्या व बामणीच्या शके १०७३ च्या शिलालेखांत शिलाहार विजयादित्यानें पार्श्वनाथमंदिरांस दिलेलीं दानें नोंदलीं आहेत. राजा, मिति, मंदिर बांधणारा, गुरुपरंपरा, सर्व कांहीं तेथें आहे. कुंडलच्या पार्श्वनाथांस याहून हलका पुरावा कां असावा?

कथा टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. दुखणेकर्‍यानें कोणत्या आशेनें हा डोंगर चढावा हें ती सांगते, व धर्मेतिहासास तेंही साधन आहे. परंतु राजधानीच्या हव्यासापायीं खरीं साधनें दुर्लक्षिलीं जातात. जैनमूर्तींच्या पीठावर बहुधा संवत् किंवा शक, संघ, गण, भट्टारक व दात्याचें कुल कोरलेलें असतें. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत त्यावर रंग, सिमेंट वा संगमरवर चढला कीं तीं अक्षरें गेलींच. जोहरापूरकरांनीं ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) व ‘तीर्थवंदनसंग्रह’ (१९६५) या ग्रंथांत अशा लेखांचें व तीर्थवर्णनांचें मोल दाखवून दिलें आहे.

म्हणून हस्तलिखितसंग्राहकांस आमची विनंति अशी कीं, आपल्या बासनांत पूजापाठाची एखादी पोथी, तीर्थावळी किंवा औंधाकडील इनामाचा कागद असेल तर कुंडलचें नांव त्यांत कसें लिहिलें आहे तेवढें तरी उतरून प्रसिद्ध करावें; आणि क्षेत्राच्या व्यवस्थापकांनीं पीठांचे ठसे रंगकाम होण्यापूर्वीं घेऊं द्यावे. मिति असलेली एक ओळ हातीं आली तर आमचें वरील सर्व लेखन खोटें ठरलें तरी चालेल.